चार दिवसांचा चान्सलर

प्रश्न थोडक्यात असा: "मार्च १९२० मधला जर्मनीतला काप उठाव सार्वत्रिक संपामुळे फसला, असं एका ओळीत सगळ्या नोट्समध्ये असतं. पण राजधानी हातात आलेली, सरकार पळालेलं, सैन्य विरोध करत नाही, आणि तरी चार दिवसांत खेळ खलास. हे पटत नाही. आणि लोकशाही जिंकली असेल, तर तीन महिन्यांनी निवडणुकीत लोकशाहीवादी पक्षच का आपटले?"

कॉलेजात आणि नंतर स्पर्धा परीक्षांच्या मुलांना आधुनिक युरोप शिकवण्यात माझी तीसेक वर्षं गेली. एवढ्या काळात या प्रकरणावर इतका नेमका प्रश्न मला दोन-तीनदाच आला असेल, म्हणून सवडीने लिहितो. निम्मी मुलं याची हिटलरच्या म्युनिकमधल्या बंडाशी गल्लत करतात. ते १९२३ चं. हे त्याआधीचं, बर्लिनमधलं, आणि त्यापेक्षा कितीतरी जास्त गंभीर. म्युनिकची मंडळी एका बिअर हॉलच्या पलीकडे फारशी पोचली नाहीत. या उठावाचा पुढारी काप याच्या लोकांनी देशाची राजधानी खरोखर ताब्यात घेतली होती.

मुळाशी पहिल्या महायुद्धानंतरचा व्हर्सायचा तह आहे. तो १० जानेवारी १९२० ला अमलात आला आणि त्याप्रमाणे जर्मनीला सैन्य एक लाखावर आणायचं होतं. म्हणजे लाखो सैनिक आणि हजारो अधिकारी घरी बसणार. त्यातही 'फ्रायकोर' म्हणजे स्वयंसेवी लढाऊ तुकड्या पूर्ण बरखास्त होणार. या तुकड्या आकाशातून पडल्या नव्हत्या. १९१९ च्या जानेवारीत बर्लिनमधला डाव्यांचा उठाव आणि त्या वसंतात म्युनिकचं 'सोव्हिएत', म्हणजे कामगार परिषदांचं सरकार मोडून काढण्यासाठी सोशल डेमोक्रॅट (सरकारातला मवाळ समाजवादी पक्ष) संरक्षणमंत्री गुस्टाफ नोस्के यांनीच त्या वापरल्या होत्या. सापाला दूध पाजणं म्हणतात ते हेच. वर्षभर ज्यांना प्रजासत्ताकाचे रक्षक म्हणून पगार दिला, त्यांना एका सकाळी सांगायचं की तुमचं काम संपलं, निघा.

२९ फेब्रुवारीला नोस्केंनी दोन नौदल ब्रिगेड बरखास्त करायचा आदेश काढला. त्यातली एक कॅप्टन हेर्मान एरहार्टची. बर्लिनच्या पश्चिमेला ड्योबेरित्झच्या छावणीत तिचा मुक्काम होता, पाचेक हजार माणसं, लढाईत मुरलेली. एरहार्टचा वरिष्ठ होता जनरल वाल्टर फोन ल्युटविट्झ, बर्लिन आणि पूर्व जर्मनीतल्या फौजांचा प्रमुख. त्याने १ मार्चला ब्रिगेडच्या संचलनातच जाहीर केलं की हा आदेश मी चालू देणार नाही. पुढे १० मार्चच्या संध्याकाळी तो थेट राष्ट्राध्यक्ष फ्रीडरिश एबर्ट यांच्यापुढे मागण्या घेऊन उभा राहिला: राष्ट्रीय सभा विसर्जित करा, ताबडतोब निवडणुका घ्या, राष्ट्राध्यक्ष थेट जनतेकडून निवडा, मंत्रिमंडळात पक्षांऐवजी तज्ज्ञ आणा, बरखास्तीचा आदेश मागे घ्या, आणि मला सरसेनापती करा.

शेवटच्या दोन मागण्या सोडल्या तर बाकीच्या ऐकायला किती लोकशाहीच्या वाटतात बघा. त्यात थोडं तथ्यही होतं. जानेवारी १९१९ मध्ये निवडलेली सभा राज्यघटना लिहून झाल्यावरही बसूनच होती आणि एबर्टना सभेने निवडलं होतं, मतदारांनी नव्हे. उजव्यांनी नेमकी ही दुखरी जागा दाबली. मुलांना मी मुद्दाम हे दाखवतो, कारण बंडखोर 'आम्ही लोकशाही मोडायला आलोय' असं म्हणत येतो, ही समजूत काही केल्या जात नाही.

एबर्टनी नकार दिला, नोस्केंनी राजीनामा द्यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ल्युटविट्झला पदावरून दूर केलं, तर तो गाडी काढून ड्योबेरित्झला गेला आणि एरहार्टला विचारलं, आज रात्री बर्लिनवर चालून जाता येईल का? एरहार्ट म्हणाला, आज नको, उद्या. उठावाचं राजकीय डोकं होतं वोल्फगांग काप, पण त्याच्या माणसांची तयारी अजून झालेली नव्हती. जनरलने घाई केली. पुढचं बरंचसं हसं या घाईतून झालं.

हा काप मोठा मासलेवाईक माणूस. त्याचा बाप १८४८ च्या क्रांतीतला उदारमतवादी, देश सोडून अमेरिकेत गेलेला, त्यामुळे या कडव्या राष्ट्रवादीचा जन्म १८५८ मध्ये न्यूयॉर्कचा! पुढे तो पूर्व प्रशियात जमीनदारांना कर्ज देणाऱ्या संस्थेचा संचालक झाला. १९१७ मध्ये युद्ध विजयापर्यंत चालू ठेवा म्हणणारा 'पितृभूमी पक्ष' काढण्यात तो आणि अॅडमिरल टिर्पिट्झ पुढे होते. म्हणजे वृत्तीने नोकरशहा, नाळ जमीनदारांशी, आणि जनतेत वट शून्य.

१२ मार्चच्या रात्री ब्रिगेड निघाली. बऱ्याच जणांच्या शिरस्त्राणांवर स्वस्तिक रंगवलेलं होतं. हिटलरचं नाव तेव्हा म्युनिकबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. पहाटे सातपर्यंत मागण्या मान्य करा, नाहीतर शहरात घुसतो, असा निर्वाणीचा निरोप आला. त्या रात्री नोस्केंनी सेनाधिकाऱ्यांना बोलावून विचारलं, सरकारच्या बाजूने लढायला कोण तयार आहे? लष्करप्रमुख राइनहार्ट आणि आणखी एखाद-दुसरा सोडला तर सगळे गप्प. मुख्य विरोध जनरल हान्स फोन झेक्टचा. 'राइशवेर (म्हणजे जर्मन सैन्य) राइशवेरवर गोळी झाडत नाही' हे वाक्य त्याच्या तोंडी घातलं जातं. शब्द हेच होते की नाही यावर वाद आहे, पण भूमिका हीच होती. हे बोलून साहेब घरी गेले आणि रजेवर बसले.

तुमच्या प्रश्नातल्या 'सैन्य विरोध करत नाही' या शब्दांपाशी जरा थांबा. सैन्य सरसकट कापच्या बाजूला नव्हतं. काही ठिकाणी होतं: पूर्व प्रशियात लष्करी प्रमुखाने कापला मान्यता दिली, नौदलाच्या प्रमुखानेही दिली. पूर्व प्रशियाचा मुलकी प्रमुख आउगुस्ट विनिग तर चक्क सोशल डेमोक्रॅट होता, तोही कापबरोबर गेला. पण बहुतेक सेनापती कुंपणावर बसले, वारं कुठलं वाहतंय ते बघत. त्यामुळे सरकारला पळावं लागलं आणि कापचेही पाय कुठे रोवले गेले नाहीत.

सकाळी सातच्या आत मंत्रिमंडळ मोटारींतून ड्रेस्डेनकडे निघालं. तिथल्या जनरल मेर्करला बर्लिनहून हुकूम आला, यांना ताब्यात घ्या. त्याने टाळाटाळ केली, पण मंत्र्यांना भरवसा वाटेना, म्हणून ते पुढे श्टुटगार्टला गेले. उपचान्सलर शिफर तेवढे बर्लिनमध्ये थांबले. ब्रिगेड गाणी म्हणत ब्रांडेनबुर्ग दरवाजातून आत आली. तिथे महायुद्धाचा नामांकित सेनानी लुडेनडॉर्फ हजर होता. 'सहज फिरायला बाहेर पडलो होतो' असं त्याने नंतर सांगितलं. पहाटेच्या थंडीत, नेमक्या त्या दरवाजापाशी!

यापुढचे चार दिवस मी वर्गात सावकाश शिकवतो, कारण सत्ता म्हणजे नेमकं काय असतं, हे त्या चार दिवसांत उघडं पडलं.

काप चान्सलरच्या, म्हणजे सरकारप्रमुखाच्या कचेरीत जाऊन बसला. आता राज्य चालवायचं. त्यासाठी पहिलं लागतं जाहीरनाम्याचं निवेदन. ते टाइप करायला माणूस नाही. काम कापच्या मुलीकडे गेलं, तिला म्हणे टंकलेखनयंत्र सापडेना, आणि मजकूर रविवारच्या वर्तमानपत्रांना वेळेत पोचलाच नाही. ही गोष्ट सांगोवांगी थोडी फुगली असेल. पण एकूण चित्र तेच होतं, कारण मंत्रालयांतल्या वरिष्ठ सचिवांनी या नव्या चान्सलरचे हुकूम घ्यायला नकार दिला होता. आरडाओरडा नाही, मोर्चा नाही. 'आपली नेमणूक कायदेशीर नाही, सही चालणार नाही', एवढंच.

पैशाचंही तेच झालं. सैनिकांचे पगार द्यायचे तर राइशबँकेतून, म्हणजे देशाच्या मध्यवर्ती बँकेतून रक्कम हवी. बँकेने सांगितलं, अधिकृत सही असलेल्या आदेशाशिवाय पैसे सुटत नाहीत. 'राइश चान्सलर काप' या सहीला बँकेच्या लेखी काडीची किंमत नव्हती. मग एरहार्टला सांगण्यात आलं की जाऊन जबरदस्तीने आण. त्यावर तो म्हणाला म्हणे, मी अधिकारी आहे, तिजोऱ्या फोडणारा दरोडेखोर नाही. जो माणूस लोकनियुक्त सरकार उलथायला निघालाय, त्याला बँक लुटायला मात्र लाज वाटते! हे विनोदी वाटेल, पण या लोकांची मनोवृत्ती कळायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही. कैसरच्या शिस्तीत वाढलेल्या या माणसांना राज्य उलथायचं होतं, राज्याचे नियम मात्र मोडवत नव्हते. समोरच्या कारकुनालाही ते मोडवत नव्हते, आणि त्याचे नियम त्या आठवड्यात प्रजासत्ताकाच्या बाजूचे निघाले.

म्हणून 'नोकरशाहीने लोकशाही वाचवली' असं कुणी लिहिलं की मी लाल शाईने 'अर्धसत्य' असा शेरा मारतो. यातले बरेच सचिव मनाने राजेशाहीवादी होते. कापमध्ये त्यांना वेडेपणा दिसला, बेकायदेशीरपणा दिसला. एबर्टवर प्रेम होतं म्हणून कुणी सही रोखली नाही.

आता संप. सरकार पळता पळता एक आवाहन निघालं: कामगारांनो, काम बंद पाडा. खाली एबर्ट आणि सोशल डेमोक्रॅट मंत्र्यांची नावं. मजकूर सरकारचे प्रसिद्धीप्रमुख उलरिश राउशर यांनी काढलेला. ड्रेस्डेनला पोचल्यावर त्यातल्या काहींनी, हे आमचं नव्हेच, असा सूर लावला. म्हणजे ज्या शस्त्राने ते वाचले ते हातात धरायलाही बिचकत होते. संपाची दोरी प्रत्यक्षात हातात घेतली कामगार संघटनांच्या महासंघाचे अध्यक्ष कार्ल लेगीन यांनी. हे लेगीन क्रांतिकारक वगैरे अजिबात नव्हते. आयुष्यभर वाटाघाटी, वर्गणी, हिशेबाच्या वह्या यांत रमलेला, राजकीय संपाच्या नावानेच कपाळाला आठ्या घालणारा माणूस. पण बर्लिन सोडायला त्यांनी नकार दिला आणि संप असा बांधला की बघत राहावं. पगारदार कर्मचाऱ्यांच्या आणि सरकारी नोकरांच्या संघटनाही त्यात आल्या. कम्युनिस्ट पक्षाने १३ तारखेला, या प्रजासत्ताकासाठी आम्ही बोटही उचलणार नाही, असं जाहीर केलं आणि सभासद निघून चाललेत हे दिसताच १४ तारखेला भूमिका बदलली.

सुमारे एक कोटी वीस लाख लोक संपावर गेले असा आकडा सर्वत्र दिला जातो. बर्लिनमध्ये वीज गेली, गॅस गेला, पाणी बंद, ट्राम बंद, आगगाड्या बंद, वर्तमानपत्रं बंद. कापला देशाशी बोलायचं होतं आणि बोलायला साधनच नव्हतं. त्याने संपाच्या म्होरक्यांना मृत्युदंडाचा हुकूम काढला आणि लगोलग मागे घेतला. संप मोडायचा तर गिरणीत, वीजघरात काम करायला माणसं लागतात, आणि संगिनीच्या टोकावर फार तर दहा जण कामाला लावता येतात, दहा लाख नाही.

या गोंधळात त्याचा परदेशी पत्रकारांकडे बघणारा अधिकारी कोण होता माहितीय? इग्नाट्स ट्रेबिच-लिंकन. जन्म हंगेरीतल्या ज्यू कुटुंबात, मग ख्रिस्ती मिशनरी, १९१० मध्ये ब्रिटिश पार्लमेंटचा सभासद, नंतर फसवणुकीबद्दल इंग्लंडात तुरुंग, आणि आयुष्याच्या शेवटी चीनमध्ये बौद्ध भिक्षू. म्युनिकहून विमानाने धावतपळत आलेल्या हिटलर आणि त्याचा गुरू डीट्रिश एकार्ट यांना आता काही उरलेलं नाही हे कळलं ते याच गृहस्थाकडून. कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने खोडलं असतं.

मग एकेक आधार निखळला. विल्हेल्म्सहाफेनला खलाशांनी आपल्याच अधिकाऱ्यांना अटक केली. बर्लिनमध्ये १६ च्या रात्री एका लष्करी तुकडीने तेच केलं. सुरुवातीला सोबत आलेल्या सुरक्षा पोलिसांनी १७ ला सकाळी सांगितलं, आता राजीनामा द्या. काप त्याच दिवशी निघाला आणि विमानाने स्वीडनला पोचला. ल्युटविट्झ संध्याकाळपर्यंत ताणून बसला, मग गेला. त्याचा पुढचा मुक्काम हंगेरी. १८ तारखेला ब्रिगेड आली तशीच वाजतगाजत परत निघाली. बघणाऱ्या गर्दीतला एक पोरगा हसला, त्याला सैनिकांनी बडवून मारलं, आणि लोक चिडून ओरडले तर गर्दीवर गोळ्या झाडल्या. डझनभर माणसं मेली. हा उठाव 'रक्तहीन' होता असं लिहिणाऱ्यांनी एवढा एक प्रसंग ध्यानात ठेवावा.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर: संप निर्णायक होता, पण एकटा नव्हता. सचिवांचा शांत नकार, बँकेची अडेल सही, सेनापतींचं कुंपण आणि जनरलची घाई हे सगळं एकत्र आलं. संप सोडला तर यातल्या कशातच प्रजासत्ताकावरची निष्ठा नव्हती. दुसऱ्या प्रश्नाची किल्ली इथेच आहे.

काप गेला तरी लेगीननी संप लगेच मागे घेतला नाही. त्यांनी नऊ मागण्या ठेवल्या: बंडखोरांना शिक्षा, बेइमान अधिकारी आणि तुकड्या काढून टाका, नोस्के जावेत, खाणउद्योगाचं सामाजिकीकरण, आणि नवं सरकार बनवताना संघटनांचं म्हणणं ऐका. सरकारने बरंच कबूल केलं. नोस्के गेले. लेगीनना चान्सलरपद देऊ केलं, त्यांनी ते नाकारलं. तब्येत साथ देत नव्हती आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते वारले. २७ मार्चला हेर्मान म्युलर चान्सलर झाले. पण नोस्केंच्या जागी जे आले, त्यांनी सैन्याला हात लावला नाही. आणि लष्करप्रमुख कोण झाला? तेरा तारखेला घरी जाऊन बसलेला झेक्ट. लढायला तयार असलेले राइनहार्ट पद सोडून गेले. मुलं इथे हमखास विचारतात, सर, असं कसं? असंच.

इकडे पश्चिमेच्या रूर या कोळशाच्या खोऱ्यात संपकरी कामगारांनी शस्त्रं घेऊन 'लाल सेना' उभी केली होती. पन्नास हजारांच्या आसपास माणसं, डॉर्टमुंड आणि एसेन त्यांच्या ताब्यात. काप गेल्यावरही त्यातल्या अनेकांनी शस्त्रं खाली ठेवली नाहीत, हे खरं. समझोत्याचा प्रयत्न झाला, तो टिकला नाही. मग सरकारने सैन्य पाठवलं, आणि त्यात लोवेनफेल्डची नौदल ब्रिगेड होती! बरखास्तीच्या आदेशातली दुसरी ती हीच, ब्रेस्लाउमध्ये कापच्या बाजूने उतरलेली. पंधरा दिवसांपूर्वीचे बंडखोर आता सरकारचे सैनिक, आणि पंधरा दिवसांपूर्वी सरकारला वाचवणारे आता बंडखोर. हजाराहून जास्त कामगार मारले गेले, पकडल्यावर गोळ्या घातलेले त्यात कितीतरी. हा प्रदेश तहाने सैन्याला बंदी असलेल्या निर्लष्करी पट्ट्यातला, म्हणून फ्रान्सने चिडून ६ एप्रिलला फ्रांकफुर्ट आणि डार्मश्टाट ताब्यात घेतलं, ते वेगळंच.

आता ६ जून १९२० ची निवडणूक बघा. सोशल डेमोक्रॅट सुमारे ३८ टक्क्यांवरून २२ टक्क्यांच्या खाली आले. त्यांच्या डावीकडचा स्वतंत्र पक्ष साडेसातवरून सुमारे १८ वर गेला. रूरच्या खाणकामगाराने आपलं मत कुठे नेलं ते यात दिसतं. उदारमतवादी डेमोक्रॅटिक पक्ष १८.५ वरून ८.३ वर, कारण मध्यमवर्गाला संप आणि लाल सेना बघून धडकी भरली आणि तो उजवीकडे सरकला. प्रजासत्ताक उभारणाऱ्या तीन पक्षांच्या आघाडीला १९१९ मध्ये तीन चतुर्थांश मतं होती. या निवडणुकीत तिचं बहुमत गेलं ते राइशटागमध्ये, म्हणजे संसदेत पुन्हा कधीच आलं नाही. म्हणजे लोकांनी कापला कौल दिला असं नाही. दोन्हीकडच्या लोकांना एकच गोष्ट कळली की हे सरकार आपलं रक्षण करत नाही, आणि दोघं दोन दिशांना पांगले.

शिवाय एका ठिकाणी उठाव फसलाच नाही, आणि हे नोट्समध्ये सहसा नसतं. म्युनिकमध्ये १४ मार्चला लष्कराने दबाव आणून बव्हेरिया प्रांताचे सोशल डेमोक्रॅट पंतप्रधान हॉफमान यांना घालवलं आणि १६ तारखेला गुस्टाफ फोन कार आले. ते टिकले. बव्हेरिया उजव्यांचं माहेर बनलं. एरहार्ट तिथेच गेला आणि त्याने आपल्या माणसांची गुप्त संघटना बांधली, 'ऑर्गनायझेशन कॉन्सुल'. तिच्या लोकांनी ऑगस्ट १९२१ मध्ये माजी अर्थमंत्री एर्झबर्गर यांना आणि जून १९२२ मध्ये परराष्ट्रमंत्री राथेनाउ यांना गोळ्या घातल्या. १९२३ चं बिअर हॉल प्रकरण ज्या शहरात घडलं, त्या शहराची हवा १९२० च्या त्या आठवड्यात बदललेली होती.

शिक्षांचं सांगायचं तर सातशेवर लोकांची चौकशी झाली आणि प्रत्यक्ष शिक्षा झाली एकाला: बर्लिनचा जुना पोलिसप्रमुख फोन यागो, पाच वर्षं किल्ल्यातली 'सन्मान्य' कैद, तीही पूर्ण भोगली नाही. काप १९२२ मध्ये स्वतःहून परतला आणि खटल्याआधीच लाइपझिशला कोठडीत असताना वारला. वायमार शहरात त्या मार्चमध्ये मारल्या गेलेल्या कामगारांसाठी वास्तुविशारद वाल्टर ग्रोपियस यांनी विजेच्या लोळासारखं काँक्रीटचं स्मारक बांधलं, ते नाझींनी १९३६ मध्ये पाडलं आणि १९४६ मध्ये पुन्हा उभं राहिलं.

ल्युटविट्झला माफी मिळून तो मायदेशी आला आणि पुढे त्याने निवृत्तिवेतनासाठी केलेला दावा जिंकला. बंड केलं ते दिवस आणि फरारी असतानाची वर्षं धरून सगळी थकबाकी न्यायालयाने त्याला मंजूर केली. या वेळी आदेशावर अधिकृत सही होती, त्यामुळे पैसे सुटायला अडचण आली नाही.